सगळ्यांना होणारा कोट

तुळजोजीरावांच्या नाटकाचा शेवट म्हैसुरात कुणी बघितलेला नाही. मी तीस वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, मीही नाही. शेवट नसतोच. नाटक ऐन रंगात आलं की तुळजोजीराव मधे येऊन उभे राहतात, हात वर करतात आणि जमलेल्या लोकांना म्हणतात, "नीवे हेळी." कानडीत त्याचा अर्थ, आता तुम्हीच सांगा. मग गप्प. लोकांनी काही सांगितलं नाही तर तसेच उभे. एकदा दुधाच्या डेअरीसमोर पाऊण तास उभे होते. शेवटी एक म्हैस मधून गेली तेव्हा हलले.

मला नाटक आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी शिंपी माणूस. दिवसभर मान खाली घालून मिशन मारायची, संध्याकाळी ती मान सरळ होईपर्यंत पडून राहायचं. शिक्षण चौथीपर्यंत, तेही कानडी शाळेत. मराठी अक्षर विठ्ठल मंदिरातल्या भजनाच्या वहीवरून गिरवलं. त्यामुळे लिहिण्यात कुठं वाकडी शिवण आली तर तशीच घ्या. आता उसवून परत घालायचं त्राण नाही.

तुळजोजीरावांचे पूर्वज राजाच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणतात. हे स्वतः सायकलस्वार. सायकलला ब्रेक नाही, पायानं थांबवतात. कडकोळच्या एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली, तिथंच जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर नाटकं करायला लागले. साहेब लोक आतनं बघायचे, कामगार बाहेरनं. रिटायर झाले तरी नाटक सुटलं नाही. वय आता त्र्याहत्तर. उंच, वाळलेले, आणि तोंडावर फौजेतून वारशानं आलेल्या दोन मिशा. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारलं तर म्हणतात, "तुम्हाला काय वाटतं?"

हीच त्यांची खोड. कशाचंच उत्तर देत नाहीत. सकाळी माझ्या दुकानात येऊन पेपर मोठ्यानं वाचतात आणि बातमी अर्ध्यावर सोडून पेपर घडी करतात. "पुढं काय झालं असेल, सांगा." मी म्हणतो, पेपर तुमच्या हातात आहे, उघडून बघा. तर म्हणतात, ते त्यांनी छापलंय, तुमचं काय? आमच्यातल्या एका लग्नात पोरांना गोष्ट सांगायला बसले आणि राक्षस दारात आला तिथं थांबले. पोरांनी दारात राक्षस ठेवून जेवायला उठायचं नाकारलं. पहिली पंगत रिकामी गेली. तेव्हापासून लग्नाची पत्रिका त्यांना हातात मिळते, पण देताना यजमान दोन्ही हात जोडतात.

रेशनच्या दुकानात तर त्यांनी रांगेलाच मत द्यायला लावलं. सर्व्हर बंद आहे, उद्या या, असं दुकानदार म्हणाला. तुळजोजीराव रांगेकडे वळले. ज्यांना हे खरं वाटतं त्यांनी उजवीकडं व्हा, ज्यांना वाटत नाही त्यांनी डावीकडं. सगळी रांग डावीकडं गेली. दुकानदार घाबरला आणि त्यानं परत बटन दाबून बघितलं, तर सर्व्हर चालू. तुळजोजीरावांना आनंद व्हायला हवा होता. हे मात्र तोंड पाडून आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, सगळेच डावीकडं गेले हो, एक तरी माणूस उजवीकडं हवा होता, वाद कुणाशी घालायचा?

आता कोटाचं सांगतो. सगळी गोष्ट त्या कोटाचीच आहे.

त्यांच्या नाटकात एक खुर्ची असते. साहेबाची. तिच्या पाठीला एक काळा कोट लटकवलेला असतो. तो नटानं घालायचा नाही. नाटक थांबलं की बघणाऱ्यातला जो म्हणेल हे असं व्हायला नको होतं, त्यानं पुढं यायचं, कोट चढवायचा, खुर्चीत बसायचं आणि साहेबानं काय करायला हवं होतं ते करून दाखवायचं. बाईमाणूस असो, गडीमाणूस असो. तर बावीस वर्षांमागे तुळजोजीराव माझ्याकडे आले आणि म्हणाले, सगळ्यांना होणारा कोट शिवून द्या.

मला राग आला. तोवर पंचवीस वर्षं मी एकेकाच्या अंगाला होणारे कपडे शिवले होते. खांदा अर्धा इंच पडला तर मी परत घेतो. सगळ्यांना होणारा कपडा म्हणजे कुणालाच न होणारा, तो गोणपाटवाल्याकडं मिळतो, असं मी तोंडावर सांगितलं. ते उभेच राहिले. मधे माझी बायको सुभद्रा आतनं काजं करता करता म्हणाली, "झबल्यासारखा करा की. पुढनं घालायचा, मागं बंद."

झालं. बाळाच्या झबल्यासारखा कोट. पुढनं बघाल तर पक्का साहेबी, कॉलर, खिसे, चार बटनं. मागनं सगळा उघडा, तीन जोड बंदांचे, मानेशी, पाठीवर आणि कमरेला. जाड्याला सैल बांधा, बारक्याला आवळून. बंद सुभद्रानं आपल्या हातानं लावले. एकच अडचण होती, तो कोट स्वतःचा स्वतःला बांधता येत नाही, दुसऱ्यानं मागं उभं राहून बांधावा लागतो. मी म्हणालो, चुकलंच. तुळजोजीराव म्हणाले, "चुकलं नाही भावोजी. साहेबाला बांधणारा कोण, हे दिसायला पाहिजे." ते तिला अक्का म्हणायचे, म्हणून मी भावोजी.

त्या कोटानं मजा खूप केली, हे कबूल करतो. एकदा एक नगरसेवक पहिल्या रांगेत बसले होते. आमच्या गावात कुणालाही पुढं बोलावलं तर शाल आणि डोक्यावर पेटा घालून सत्कारच होतो. तुळजोजीरावांनी कोट हातात धरून "कोण येतं?" म्हणताच हे उठले, दोन्ही हात पुढं केले, कोट घालून घेतला, बंद बांधून घेतले, लोकांना नमस्कार केला आणि भाषण चालू केलं. नाटकातल्या म्हातारीनं विचारलं, साहेब, आमच्या गल्लीतलं गटार? म्हणाले, येत्या पंधरा दिवसांत. लोक पोट धरून हसले. त्यांना वाटलं भाषण आवडलं. जाताना कोट घरी घेऊन निघाले होते, मागनं पळत जाऊन आणावा लागला.

बैलकुप्पेला तिबेटी मठाबाहेर नाटक केलं तेव्हा उलटं झालं. ते भिक्षू लोक लहानपणापासून टाळी वाजवून वाद घालायला शिकतात. "नीवे हेळी" म्हणायचा अवकाश, एकामागून एक कोट चढवून बसायला लागले. एक साहेब होऊन उत्तर देतो, दुसरा फाडकन टाळी वाजवून ते खोडतो, तिसरा त्याला खोडतो. परतीच्या दोन बशी गेल्या. दुसऱ्या दिवशी तुळजोजीराव दुकानात आले ते लग्न लागून आल्यासारखे दिसत होते. तेवढं एकदाच मी त्यांना सरळ उत्तर देताना ऐकलं. कसं झालं, विचारलं, तर म्हणाले, "बेस."

हे सगळं मी ऐकून सांगतोय. मी कधी गेलो नाही. सुभद्रा जायची. रविवारी पाचला हातपाय धुऊन, "जरा तुळजोजींचं बघून येते," म्हणायची. मी हूं म्हणायचो. परत आली की विचारायची, जेवलात का? त्याचंही हूं. काय बघितलंस, कसं होतं, हे मी विचारलं नाही. मापं सोडून कुणाला काही विचारायची सवयच मला नव्हती.

गेल्या वर्षी दसऱ्याचे दिवे रस्त्यावर लावायला सुरुवात झाली तेव्हा ती गेली. पोटातलं दुखणं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यावर जास्त लिहीत नाही.

तेव्हापासून तुळजोजीरावांनी एक नवा त्रास सुरू केला. रोज दुपारी दीड वाजता सायकल पायानं थांबवायची, दुकानाच्या फळीवर हात ठेवायचा आणि विचारायचं, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. इथं सगळेच विचारतात, त्यात काही नाही. पण रोज? ठरल्या वेळेला? मी म्हणायचो, आयतु, झालं. की निघाले. मला वाटलं, म्हाताऱ्याला एकट्याला रांधायचा कंटाळा आला असेल, ताटाची वाट बघतोय. दोन दिवस मुद्दाम झालं म्हणून सांगितलं, झालेलं नसताना. तरी तिसऱ्या दिवशी हजर.

नाटकाचं मात्र वाईट चाललं होतं. नऊ जणांचा मेळा, त्यातले तीन उरले. म्हातारीचं काम करणारी बाई मुलाकडे बेंगळूरला गेली, तेव्हापासून म्हातारी तुळजोजीरावच. डोक्यावर पदर, पदराखाली मिशा. नवीन नाटकाचं नाव 'अंगठा'. धुणं धुऊन म्हातारीच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, रेशनच्या मिशनवर अंगठा लागत नाही. साहेब म्हणतो, मिशन सांगतंय तुम्ही तुम्ही नाही, मी काय करू? तिथं तुळजोजीराव पदर खाली टाकतात आणि म्हणतात, नीवे हेळी. नाटक चांगलं आहे म्हणे. पण लोक आता मोबाइल वर धरून शूटिंग घेतात. पुढं कुणी येत नाही. सुभद्रा गेल्यावर मधे कित्येक महिने नाटक बंदच होतं, परत सुरू केलं त्यालाही सहा रविवार झाले, कोट कुणाच्या अंगावर चढला नाही.

मग एक दिवस तुळजोजीराव दीडच्या ऐवजी अकराला आले. कोटाची बगल उसवली होती. म्हणाले, शिवून ठेवा, हा रविवार शेवटचा. कुणी उठलं तर ठीक, नाही उठलं तर खुर्ची देऊन टाकतो, बस झालं, साकु. मी म्हणालो, बरं झालं, सुटलात. मला खरंच तसं वाटलं. थकलेल्या माणसाला थकलेला माणूस कळतो.

ते गेल्यावर कोट उलटा केला. मानेचे बंद सुटे होते. पाठीचे आणि कमरेचे मात्र बांधलेले. दोन्ही आवळून, दोनदा फिरवून, टोक आत खोचून. ती गाठ मी कुठंही ओळखीन. पंचेचाळीस वर्षं माझ्या दुकानातल्या प्रत्येक पुडक्यावर तीच होती.

मी टेप लावला. सवय. ज्या अंगाभोवती ते बंद बांधले होते त्या अंगाची कंबर चोवीस निघाली. सुभद्राचं पोलकं मी दर दिवाळीला शिवायचो, तिचं माप मला पाठ, तीस. सहा इंच. सगळ्या गल्लीची मापं माझ्या वहीत आहेत, आणि माझ्या घरात एक माणूस सहा इंच आटलं ते मी बघितलं नाही.

तुळजोजीराव संध्याकाळी कोट न्यायला आले. मी तो त्यांच्यापुढं पाठ वर करून ठेवला.

"हा असा बांधलेला कोट कुणाला होणार? लहान पोराला होईल."

ते रस्त्याकडे बघायला लागले.

मग हळूहळू सांगितलं. दर रविवारी पहिली अक्काच उठायची. लोक लाजतात, पहिला कुणीतरी लागतो, एक उठला की दहा उठतात. ती उठायची, कोट घालायची, बंद मागं हात नेऊन स्वतःच बांधायची. दुसऱ्या कुणाला जमलं नाही ते, तिलाच जमायचं. शेवटच्या वेळी 'अंगठा' होतं. तिला दम लागला होता. बंद सोडायला थांबली नाही, मानेचे तेवढे ओढले आणि सदऱ्यासारखा डोक्यावरून काढून दिला. त्यानंतर आलीच नाही.

"मग सहा रविवार लोकांना कोट घाला म्हणत होता ते?" मी विचारलं. "गाठी सोडल्या नाहीत तर घालणार कसा? दोघे-तिघे उठले असतील की."

"दोघं उठले," ते म्हणाले. "खांद्यातनं गेला नाही. हसून परत बसले."

"आणि तुम्ही बघत राहिलात."

मी कमरेच्या गाठीवर बोट ठेवलं. "सोडू की नको? नीवे हेळी."

साऱ्या म्हैसूरला बोलतं करणारा माणूस, मिशीचं एक टोक दातात धरून उभा राहिला. मी वाट बघितली. घड्याळ नव्हतं बघितलं, पण म्हैस जाईल इतका वेळ गेला. मग मी जाड सुई घेतली आणि तिच्या टोकानं गाठी सैल केल्या. घट्ट बसल्या होत्या. बंद लावणारी तीच होती आणि सोडायचे म्हणून लावले होते. तुळजोजीरावांनी पाठ फिरवली होती. सुटलेल्या बंदांवर वळ्या राहिल्या, त्यांना इस्त्री केली नाही.

मी विचारलं, "ती साहेब होऊन काय करायची?" आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

ते म्हणाले, लोक कोट घातला की आधी कारकुनाला शिव्या देतात, नाहीतर सगळ्या अर्जांवर सह्या मारतात. बावीस वर्षं तेच बघितलं. अक्का खुर्चीत बसायचीच नाही. म्हातारीला खुर्चीत बसवायची, आपण उभी राहायची आणि पहिला प्रश्न विचारायची, ऊट आयता? लोक हसायचे. मग हसायचे थांबायचे.

मी कोट घडी करून दिला. झोप आली नाही त्या रात्री, एवढंच.

रविवारी मी गेलो. पाच वाजता, गल्लीच्या टोकाला पिंपळाच्या कट्ट्यासमोर. चाळीसेक माणसं असतील. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ साहेब झाले होते. तुळजोजीराव पदर घेऊन अंगठा चाटून चाटून मिशन म्हणून ठेवलेल्या डब्यावर लावत होते. बरं करतात, खोटं कशाला बोला. साहेब म्हणाला, मी काय करू? तुळजोजीरावांनी पदर टाकला, हात वर केला. "नीवे हेळी."

मोबाइल वर झाले. कुणी हललं नाही. एक रिक्षा गेली. बँकेतल्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं. तुळजोजीरावांचा वर केलेला हात कोपरात वाकायला लागला होता, आणि तो खाली आला की संपलं, हे मला एकट्याला माहीत होतं.

जमिनीवर बसून माझे गुडघे धरले होते, कधीतरी उठायचंच होतं. उठलो. लोकांना वाटलं म्हातारा घरी निघाला. मी खुर्चीपाशी गेलो आणि कोटात हात घातले. खांदा अर्धा इंच पडला. तुळजोजीरावांनी मागं येऊन बंद बांधले. कमरेचा बांधताना बराच वेळ लावला. मग पुढं जाऊन पदर परत डोक्यावर घेतला, म्हातारी झाले.

मला संवाद येत नाही. मी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. सवयीनं अंगठा बघितला. फिटरचा अंगठा, माझ्यासारखाच, रेषा कुठंच नाहीत.

"ऊट आयता?" मी विचारलं.

लोक हसले. म्हातारीनं काहीतरी उत्तर द्यायचं असणार. तुळजोजीराव तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिले. रोज दीडला हे विचारायला येतात, त्यांना हे कुणी विचारलं असेल? एक होती विचारणारी, भिंतीच्या पलीकडनं, तीच. मी आठ महिने आयतु म्हणून त्यांना वाटेला लावत होतो.

"नाही भावोजी," ते म्हणाले. कानडी नाटकात, चाळीस माणसांसमोर, मराठीत. "सकाळपासून काही नाही."

कुणी हसलं नाही. पलीकडं एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, त्यांचा अंगठा लागत नसेल तर माझा लावा की, मी ओळखते त्यांना. असं चालत नाही, एक माणूस मागनं म्हणाला. का चालत नाही, दुसरा म्हणाला. एकानं मोबाइल खिशात घातला आणि कोट मागितला. बँकेतल्या गृहस्थांनी माझे बंद सोडले. मग काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी तुळजोजीरावांना उठवलं आणि घरी आणलं. नाटक मागं चालूच होतं.

भात होता, सकाळचं सारू, म्हणजे आपलं सार, होतं. ते गरम केलं. तुळजोजीराव सुभद्राच्या मिशनच्या स्टुलावर बसले, पदर खांद्यावर तसाच. जेवता जेवता घास थांबवून म्हणाले, त्या म्हातारीच्या अंगठ्याचं काय झालं असेल हो? मी म्हणालो, आधी जेवा. ते जेवले.

ताटातला भात संपत आला तेव्हा मी विचारलं नाही. नुसता वाढला.